लक्ष, लोह आणि नागलीची भाकरी

आपल्याकडे डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पथ्य काय सांगितलंय?” कावीळ असो, खोकला असो नाहीतर पाय मुरगळलेला असो, पथ्य नसेल तर तो आजार आपल्याला खरा वाटतच नाही. मला ए.डी.एच.डी. आहे हे अकरावीत कळलं, तेव्हा आमच्या आजीनेही हेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, “पथ्य काही नाही. फक्त वेळेवर जेवत जा.” आजीचं काही समाधान झालं नाही. मग बदाम आले, ब्राह्मीचं सरबत आलं, आणि अक्रोड तर दिसतोच मेंदूसारखा, तेव्हा तो मेंदूला लागणारच! (या न्यायाने राजमा खाऊन किडनी सुधारायला हवी.)

तेव्हापासून ‘मेंदूसाठी काय खावं’ या विषयावर सापडेल ते वाचत आले आहे. हॉस्टेलला आल्यावर कळलं की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. कुणाचं निदान झालेलं आहे, कुणाला नुसती शंका आहे, कुणाच्या धाकट्या भावाला शाळेने ‘दाखवून घ्या’ म्हणून सांगितलंय. आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी काहीतरी खायला किंवा सोडायला सांगितलेलं आहे. साखर बंद, गहू बंद, दूध बंद, अमुक पावडर सुरू. एका मैत्रिणीच्या घरी तर ‘हे आहारानेच जातं’ म्हणून चालू औषध बंद केलं, तेही परीक्षेच्या तोंडावर. म्हणून हा लेख.

आधी थोडी थिअरी. ए.डी.एच.डी. म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत ‘अतिचंचलता’ म्हणतात, पण तो शब्द अर्धाच बरोबर आहे. वर्गात गप्प बसून खिडकीतून माहुलीचा किल्ला बघत राहणारी मुलगीही यात येते, आणि तिला कुणी चंचल म्हणत नाही, स्वप्नाळू म्हणतात. लक्ष नसतंच असंही नाही. रेडिओ उत्तम चालू असतो, फक्त ट्यूनिंगचं बटण आपल्या हातात नसतं. नको तेव्हा एखाद्या सर्किटवर सहा तास लक्ष लागतं आणि सबमिशनच्या जर्नलवर सहा मिनिटं लागत नाही. हे मुख्यतः आनुवंशिक असतं, लहानपणापासून असतं आणि मोठेपणीही बऱ्याच जणांत राहतं. जगभरात शंभरात साधारण पाच मुलांना आणि दोन-तीन मोठ्या माणसांना ते असतं. आता आपल्या हॉस्टेलमधली डोकी मोजा आणि गुणाकार करा.

या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. वीसेक वॅटचा बल्ब समजा, चोवीस तास चालू. ए.डी.एच.डी.मध्ये ज्या रसायनांची गडबड असते, त्यांत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही दोन मुख्य. आहाराशी नातं जोडणारे बरेच सिद्धांत शेवटी यांच्यापाशीच येऊन थांबतात.

सगळ्यात लोकप्रिय समजूत साखरेची. ‘पोरांना गोड दिलं की पोरं नाचतात.’ १९९४ साली अमेरिकेत यावर एक गमतीशीर प्रयोग झाला. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर नसलेलं, नुसतं ॲस्पार्टेमचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपलाच मुलगा जास्त दंगा करतोय असं वाटायला लागलं! पुढच्याच वर्षी अशा काळजीपूर्वक केलेल्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. याचा अर्थ साखर खा असा नाही. दात आहेत, वजन आहे, आपल्या लोकांचा मधुमेह आहे. पण साखरेमुळे ए.डी.एच.डी. होतो हे खरं नाही.

रंगांची गोष्ट वेगळी आहे. १९७०च्या दशकात बेन फाइनगोल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं की खाण्यातले कृत्रिम रंग आणि स्वाद काढून टाकले तर चंचल मुलं शांत होतात. त्यांचे दावे फारच मोठे होते, त्यामुळे बरीच वर्षं कुणी ते मनावर घेतले नाहीत. मग २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने नीट चाचणी घेतली. काही मुलांत रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलता थोडी वाढलेली दिसली. ही साधी मुलं होती, ए.डी.एच.डी.ची म्हणून निवडलेली नव्हेत. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे रंग आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेपर्यंत चालतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात १०२, ११०, १२२, १२४ असे आकडे असतात ते हेच. हायवेवरच्या गाडीवर मंचुरियनला येणारा लालभडक रंग किती मर्यादेत असतो ते बल्लवाचार्यच जाणोत. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदीच केली. परिणाम छोटा आहे आणि सगळ्यांवर होत नाही, पण रंग सोडल्याने नुकसानही काही नाही. माझं मत विचाराल तर लाल मंचुरियन सोडावं, खीर सोडू नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो विषय, लोह.

शरीरात डोपामिन बनतं ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून. हे काम करणाऱ्या एन्झाइमला आपलं काम करायला लोह लागतं. लोह कमी पडलं तर कच्चा माल असूनही मशीन रेंगाळणार, हा तर्क सोपा आहे. २००४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ए.डी.एच.डी. असलेल्या ५३ मुलांचं फेरिटिन तपासलं. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारात शिल्लक असलेलं लोह. या मुलांपैकी ८४ टक्क्यांचं फेरिटिन कमी निघालं, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के होतं. २००८ मध्ये त्याच गटाने कमी फेरिटिन असलेल्या २३ मुलांवर प्रयोग केला. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची लक्षणं बारा आठवड्यांत काहीशी कमी झाली. २३ हा आकडा लहान आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको, प्रोबॅबिलिटीचा पेपर सगळ्यांनी दिलाय. त्यामुळे ‘लोह हे ए.डी.एच.डी.चं औषध’ असं कुणी म्हणू नये. पण लोह कमी असेल तर ते भरून काढावं, इतकं म्हणायला हरकत नाही. कारण लोह कमी असलं की ए.डी.एच.डी. नसलेल्या माणसालाही थकवा येतो, लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते.

आणि आपल्याकडे ते कमी असण्याची शक्यता किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त! मुलींच्या हॉस्टेलमध्ये बसून हा आकडा वाचताना जरा वेगळंच वाटतं. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली गेलेलं असू शकतं. माझं तसंच होतं. म्हणून डॉक्टरांना विचारून फेरिटिनही तपासून घ्यावं. तपासल्याशिवाय मात्र लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या कुणाला सिकलसेल असेल तर रक्तक्षयाचं कारणच वेगळं असतं.

लोहाच्या शेजारी बी-१२ येतं. याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बऱ्याच बायकांत बी-१२ कमी आढळलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत, गरोदरपणी ज्या आयांचं बी-१२ फार कमी होतं त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हा ए.डी.एच.डी.चा अभ्यास नव्हे, पण ताटाचा आणि लक्षाचा संबंध आहे हे यातून कळतं. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. पक्क्या शाकाहारी मित्रांनी तेही तपासून घ्यावं.

ओमेगा-३ बद्दल थोडक्यात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ‘फोकस’साठी म्हणून खपवतात. काही आढाव्यांत अगदी छोटा फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. महिन्याला हजार रुपये घालवण्याइतका तर नाहीच. बांगडा, तारली खा, स्वस्त आहेत. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी. आपल्याकडची खुरासणीची चटणी मला जास्त आवडते, पण तिच्यात मुख्यतः ओमेगा-६ असतं, तेव्हा तिला ओमेगा-३ म्हणून खाऊ नका, चवीसाठी खा.

आता हे सगळं शहापूर-मुरबाडमध्ये मिळवायचं कुठून? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘स्पिनॅच इज रिच इन आयर्न’ हे पाठ होतं, पण कुरडू कुठला आणि टाकळा कुठला ते मेसच्या मावशींनी शिकवलं. पावसाळ्यात आसनगाव स्टेशनबाहेर किंवा मुरबाडच्या एस.टी. स्टँडजवळ पाट्या घेऊन बसलेल्या बायका बघा. पहिल्या पावसाबरोबर शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, मागाहून कंटोली. पानांतलं लोह शरीराला नीट घेता येत नाही, त्याला आंबटाची सोबत लागते. लिंबू, आवळा, मे महिन्यात करवंदं. मांस-मासे सोबत असले तरी पानांतलं लोह जास्त शोषलं जातं. आता शेवळाची भाजी कशी करतात ते आठवा : काकडाची आंबट फळं घालून (नाहीतर घसा खाजतो) आणि घरी चालत असेल तर सोडे किंवा करंदी टाकून. आमच्या मावशींना ‘ॲब्सॉर्प्शन’ हा शब्द माहीत नाही. भाजी मात्र बरोबर होते.

इथल्या डोंगरउतारांच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई होते, भाताच्या बांधावर तूर, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२०च्या आसपास. लोहही पांढऱ्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त. पण धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचा पदार्थ लोहाला धरून ठेवतो. तो कमी करायचे उपाय म्हणजे भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. म्हणजे काय, तर वालाचं बिरडं आणि नागलीची आंबील! बिडाच्या तव्यात-कढईत केलेल्या आंबटसर भाजीत थोडं लोह उतरतं तेही खरं. आणि जेवणासोबत चहा घेतला की यातलं बरंच वाया जातं, कारण चहातले टॅनिन लोहाला अडवतात. चहा सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

सुकटीबद्दल मुलांची नाकं मुरडतात. पण पावसाच्या बेगमीला घराघरांत भरून ठेवतात तो जवळा काट्याकवचासकट खाल्ला जातो. प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ एकाच मुठीत. मीठ फार असतं म्हणून आधी धुवून घ्यावा.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. शहरातली माणसं हल्ली या खाण्याला ‘सुपरफूड’ म्हणून डोक्यावर घेतात. ज्या पाड्यांतून या भाज्या येतात, तिथल्याच मुलांत कुपोषण आहे. रानभाजी हा तिथे बऱ्याचदा धान्य संपत आलेल्या महिन्यांचा आधार असतो. पाऊस संपला की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मग ताटात भात, मीठ, मिरची. सरकारला २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना काढून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण द्यावं लागलं, ते उगाच नाही. तेव्हा ‘आदिवासी काय खातात बघा, किती हेल्दी’ असं म्हणण्याआधी पाटीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणं थांबवलं तरी पुष्कळ.

बरं, समजा हे सगळं मेसमध्ये रोज शिजतंय. तरी माझ्यासारखीच्या पोटात जाईल का? खरी गोम इथे आहे. ए.डी.एच.डी.मुळे खाण्याचीच घडी मोडते. कामात डोकं घातलं की भूक लागल्याचं कळतच नाही. कळतं तेव्हा हात थरथरत असतात, मेस बंद झालेली असते, आणि मग समोर येईल ते, म्हणजे दोन वडापाव, इन्स्टंट नूडल्स आणि वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. ए.डी.एच.डी. असलेल्यांत अचानक खूप खाण्याची सवय आणि वजनवाढ जास्त दिसते हे संशोधनातही आलंय. त्यात औषधाची भर. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांची भूक दुपारी मरते आणि संध्याकाळी औषध उतरलं की एकदम खवळते. त्यामुळे सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, दुपारी थोडं का होईना पण प्रथिनांचं, आणि संध्याकाळी पाच-सहाला व्यवस्थित काहीतरी, असा साधा हिशोब ठेवावा लागतो. माझ्या बॅगेत भाजलेले चणे, शेंगदाणे आणि गूळ कायम असतो. आठवणीवर माझा विश्वास नाही, मोबाइलच्या अलार्मवर आहे.

एनर्जी ड्रिंकबद्दल : कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास घेतं. रात्री दहाला प्यालात तर पहाटे तीनला निम्मं अजून रक्तात. त्यावर सकाळी गोळी घेतली की छातीत धडधड. आणि झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी लक्ष नावाची गोष्ट विसरा, ए.डी.एच.डी. असो वा नसो.

पी.एल. सुरू झाली की ‘तुझी एक गोळी दे ना, नाइट मारायचीय’ असं म्हणणारेही भेटतात. हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो. दुसऱ्याला देणं बेकायदा आहे आणि ज्याच्या हृदयाची तपासणी झालेली नाही त्याच्यासाठी धोक्याचंही. उलट ज्याला ते लिहून दिलंय त्याचं औषध नागलीच्या भाकरीवर विसंबून बंद करू नये, हेही तितकंच खरं. भाकरी भाकरीच्या जागी, गोळी गोळीच्या जागी. कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांना विचारून.

ज्यांना नुसती शंका आहे त्यांच्यासाठी : ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाला घाबरू नका, तिथे जाणारे बहुतेक जण तपासून, औषध घेऊन संध्याकाळच्या कसारा लोकलने घरी येतात. फोनवर बोलायचं असेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. रोज डिफॉल्टर लिस्टमध्ये येणारा मुलगा आळशी आहे असं ठरवण्याआधी तो सकाळी जेवलाय का, एवढं एकदा विचारून बघा.

मेस कमिटीकडे आम्ही काही जणींनी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. नाश्ता चुकणाऱ्यांसाठी साडेनऊपर्यंत झाकलेला डबा, आठवड्यातून दोनदा नागलीची भाकरी, आणि संध्याकाळी पाचला उकडलेलं अंडं किंवा मोडाची उसळ. डब्याला होकार आलाय. भाकरीबद्दल मावशी म्हणतात की थापायला अजून एक बाई द्या, आणि ते बरोबरच आहे, दोनशे भाकऱ्या काय खेळ आहे का! अंड्याचे पैसे बिलात घ्यायचे की वेगळे, यावर अजून वाद चालू आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांच्यासाठी वही मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाखाली ठेवलेली आहे, पेन मात्र आपापलं आणावं. तिथलं पेन तीनदा गेलं.